अस्नोडा, मुळगाव, डिचोली

२०१७ च्या चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधताना ह्यांचे हात थांबले. स्टुलावर उभे, एका हातात सुपारीचा घोस, दुसऱ्या हातात केवणीचा दोर, आणि ह्या दोन्हींचं काय करायचं तेच सुचेना. मी १९७८ साली सावंतवाडीहून लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून माटोळी ह्यांनीच बांधली. मध्ये नारळ, बाजूला तोरिंगण, कडेला आंबाडे नि कांगलां, ह्या क्रमात कधी फरक पडला नाही. मी म्हटलं, "अहो, उतरा, दमलात." दिरांनी पुढे होऊन उरलेलं बांधलं. बाकी कोणाला काही वाटलं नाही. मला वाटलं होतं, पण चवथीच्या गडबडीत मी ते बाजूला सारलं.

पुढच्या काही महिन्यांत बाजूला सारणं जमेना. एका सकाळी हे तीन वेळा म्हापशाच्या बाजारात जाऊन तीन वेळा बांगडे घेऊन आले. मी सुद्धा बाजारात एखादी वस्तू आणायची विसरते, पण हे बाजाराला जाऊन आलो हेच विसरत होते. एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "सत्तरीला आले, आता विसरायचेच," आणि शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांवर आमचे पाच-सहा महिने गेले. विसरण्याच्या ह्या आजारात ते महिने फार मोलाचे असतात, म्हणून मी हे मुद्दाम लिहिते आहे. घरचं माणूस बदललं आहे असं तुम्हाला आतून वाटत असेल, तर "वय झालं" एवढ्यावर परत फिरू नका.

शेवटी मडगावची मुलगी आली आणि आम्हाला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात घेऊन गेली. तिथे आधी रक्त तपासलं. थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस असं विसरू लागतं, आणि ते औषधाने सुधारतं. ह्यांचं दोन्ही ठीक निघालं. मी घरात बी-१२ साठी देवाला नारळ बोलून ठेवला होता. मग एमआरआय झाला, आणि मग ती प्रश्नांची परीक्षा. आज वार कोणता, आपण कुठल्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत जा, हे तीन शब्द लक्षात ठेवा. तीसपैकी एकोणीस गुण पडले. नंतर डॉक्टरांनी कागद पुढे केला. घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.

ह्यांनी २६ वर्षं कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसवर कंडक्टरकी केली. म्हापसा ते वाळपई. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून शिट्टी मारायची आणि गाडी सोडायची, हेच आयुष्य. त्या माणसाने गोल छान काढला आणि बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. काटे काढलेच नाहीत. मग कागद माझ्याकडे सरकवून हळूच विचारलं, "बरोबर मगो?" मी काय बोलले ते मला आठवत नाही.

अल्झायमर. हे नाव ज्या जर्मन डॉक्टरांवरून पडलं, त्या अलॉइस अल्झायमरनी १९०६ साली आपल्या एका रुग्णाच्या मेंदूत काय सापडलं ते इतर डॉक्टरांपुढे मांडलं होतं. पेशींच्या बाहेर साचलेला थर आणि पेशींच्या आत झालेला गुंता. त्यांनाच आज अमायलॉइड आणि टाऊ म्हणतात. बांबोळीच्या डॉक्टरांनी मला माझ्या भाषेत समजावलं. मेंदूत नवी आठवण नोंदवणारा एक छोटा भाग असतो, हिप्पोकॅम्पस. बहुतेक वेळा हा आजार तिथून सुरू होतो. म्हणून दुपारी काय जेवले ते आठवत नाही, कारण ते नोंदलंच गेलेलं नाही. जुन्या नोंदी मात्र दुसरीकडे असतात, त्या बराच काळ टिकतात. "मागून पुढे पुसत येतं का?" मी विचारलं. ते म्हणाले, "उलट. पुढून मागे."

डोनेपेझिलची पाच मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली, महिन्याभराने दहाची. सुरुवातीला मळमळ आणि पातळ जुलाब झाले, रात्री भयानक स्वप्नं पडू लागली. डॉक्टरांनी रात्रीची गोळी सकाळी घ्यायला सांगितली तेव्हा स्वप्नं थांबली. पुढे मेमँटिनही आलं. ह्या गोळ्यांनी आजार थांबत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आणि मग मी ती चूक केली जी जवळपास दीड वर्ष करत राहिले.

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. चुकलेलं दुरुस्त करायचं, पुन्हा विचारायचं, पुन्हा म्हणून घ्यायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी हॉलमध्ये फळा टांगला. रोज सकाळी त्यावर वार, तारीख, तिथी. संध्याकाळी उजळणी. "हा फोटोतला कोण? नीट बघा. आपल्या मुलाला ओळखत नाही?" नाव सांगता आलं की मला वाटायचं, चला, आज एक पाऊल पुढे. नाही आलं की मी पुन्हा विचारायची. हे गप्प होत गेले. फळ्याकडे पाठ करून बसायला लागले. एके दिवशी त्यांनी फळा भिंतीवरून काढून माडांच्या बुंध्याशी नेऊन ठेवला, आणि मी तो परत आणून लावला. आज ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो. ज्या वहीत लिहिलेलं उमटतच नाही, ती वही मी रोज तपासायला मागत होते.

२०१९ च्या जून महिन्यात, पावसात, पहाटे जाग आली तर शेजारची जागा रिकामी. पुढचा दरवाजा सताड उघडा. आमच्या परसात बांय आहे, जुनी, जांभ्या दगडाची, कठडा गुडघ्याएवढा. मी बॅटरी घेऊन आधी तिथे धावले. पाण्यावर पावसाचे थेंब पडत होते, बाकी काही दिसत नव्हतं, आणि काही दिसत नाही म्हणजे बरं की वाईट ते कळत नव्हतं. साडेसहाला फोन आला. वाळपईच्या पहिल्या गाडीचा ड्रायव्हर ह्यांच्या हाताखाली शिकलेला. अस्नोड्याच्या थांब्यावर हे भिजत उभे होते, पायजम्यावर खाकी शर्ट, बटणं सगळी नीट लावलेली. "ड्युटीला उशीर झाला" म्हणत होते. त्याने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, प्रवाशांना थांबायला सांगितलं आणि आम्ही येईपर्यंत गाडी सोडली नाही.

त्याच आठवड्यात बांयीवर लोखंडी जाळी बसवली. दरवाजाला नेहमीची कडी ठेवून एक कडी अगदी वर, चौकटीला लावली, कारण ह्या आजारात माणूस डोळ्यांच्या पातळीवर शोधतं, वर बघत नाही. ह्यांच्या सगळ्या शर्टांच्या खिशात आतून कापड शिवून त्यावर माझा आणि मुलीचा नंबर लिहिला. आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं: वाड्यावरच्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. किराणावाला, पाव विकणारा पदेर, देवळातले भटजी, रिक्षावाले, सगळ्यांना. तोवर मी लपवत होते. लोक "वेड लागलं" म्हणतील ही भीती. काही जण म्हणालेही. पण त्यानंतर दोनदा हे बाहेर पडले आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत कोणीतरी हात धरून घेऊन आलं.

पहाटे उठण्याचं कारण मला उशिरा उमगलं. पदेर! पाव विकायला येणाऱ्या पदेराचा भोंगा वाड्यात शिरला की ह्यांना गाडीचा हॉर्न वाटायचा. भोंगा वाजला की ताडकन उठून बसायचे. "उशीर जालो. म्हजी पिशवी खंय गो?" आणि मी रोज सांगायची, अहो, तुम्हाला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. दर पहाटे ही बातमी त्यांना नवी असायची. ते कॉटच्या कडेला बसून आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे बघायचे. माणसाची नोकरी रोज नव्याने जाते म्हणजे काय, ते मी समोर बसून बघितलं आहे, आणि ती घालवणारी मीच होते.

एका पहाटे माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. ताप होता. "उशीर जालो," हे म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गाडी आज उशिरा सुटणार आहे. चहा घ्या आधी." हे म्हणाले, "असं काय?" आणि टेबलाशी येऊन बसले. चहात पोई बुडवून खाल्ली. गाडीची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्या दिवशी मी फळा काढला. ह्या खेपेला मीच.

वर्गात "खोटं बोलू नये" हे मी वर्षानुवर्षं मुलांकडून गिरवून घेतलं, त्यामुळे हे पचायला मला फार जड गेलं. नवऱ्याशी खोटं बोलायचं, तेही त्याला कळणार नाही म्हणून? बरेच दिवस मी स्वतःशी भांडले. हळूहळू एवढं समजलं की ह्यांच्यासाठी तिथे खरोखरच १९८५ साल चालू आहे. मी त्यांना ओढून माझ्या सालात आणत होते आणि ते इथे परके होत होते. मी तिकडे जाऊ शकते. ते इकडे येऊ शकत नाहीत. आमच्या दोघांत प्रवास करण्याची शक्ती फक्त माझ्याकडे उरली होती.

मग मी कालनिर्णयची जुनी पानं कापून तिकिटांएवढे तुकडे केले, टाचणी मारून गठ्ठे बांधले. माळ्यावरून ह्यांची चामडी पिशवी काढली, तेल लावून मऊ केली आणि आत सुटी नाणी टाकली. चार वाजता सोप्यावर बसलो. पिशवी मांडीवर ठेवताच ह्यांची पाठ ताठ झाली. पट्टा खांद्यावर सारला. अंगठा जिभेला लावून तुकडा फाडला, आणि माझ्याकडे न बघता, गर्दीत विचारतात तसं विचारलं, "खंय?"

"साखळी," मी म्हटलं.

तिकीट दिलं, नाणं घेतलं, पिशवीत टाकलं आणि बोटांनी न बघता सुटे पैसे मोजून परत केले. मग एका लयीत थांबे म्हणू लागले. अस्नोडा, मुळगाव, डिचोली, कारापूर तिस्क, साखळी, होंडा, वाळपई. नातवाचं नाव गेलं होतं, माझं नाव अधूनमधून जात होतं, पण एकही थांबा गाळला नाही. तिथून तीनएक वर्षं आमची चारची गाडी रोज सुटली. लॉकडाऊनमध्ये सगळ्या बसेस बंद होत्या तेव्हाही ती चालू होती.

तिन्हीसांज मात्र कठीण. दिवस कलला की ह्यांची घालमेल सुरू. येरझाऱ्या, दार हलवणं, "चल, घरा वचूंया." हे ह्या आजारात पुष्कळांना होतं. पूर्वी मी "हेच आपलं घर" म्हणायची आणि भांडण व्हायचं. नंतर मी उठून पदर खोचून म्हणायला लागले, "चला." हात धरून तुळशीला दोन-तीन फेऱ्या, माडांपर्यंत जाऊन परत, आणि पुढच्या दारातून आत. तोवर मुलीने किंवा कामवालीने घरातले सगळे दिवे लावलेले असायचे. "पावलो," हे म्हणायचे. कपाटाचा आरसा मी चादरीने झाकला. त्यात एक म्हातारा येऊन बसतो अशी त्यांची तक्रार होती.

आंघोळीबद्दल लिहायचं की नाही, ह्यावर मी बराच विचार केला. पण जे घरी हे करतात त्यांना माहीत आहे की दिवसाची सगळी ताकद तिथेच जाते. ह्यांना पाण्याची भीती बसली. डोक्यावर तांब्या ओतला की ओरडायचे, मला ढकलायचे. २०२१ मध्ये एके दिवशी त्यांनी माझा हात पिरगळला आणि मी त्यांना मारलं. ओल्या पाठीवर, सगळी शक्ती लावून. पाच बोटं उमटली. ते रडले नाहीत, अंग चोरून कोपऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "बाये, मार नाका." मला ओळखत नव्हते. कोणा परक्या बाईने मारलं, एवढंच त्यांना कळलं.

मी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती त्याच संध्याकाळी आली आणि पंधरा दिवस राहिली. तिनेच मला वाचायला दिलं की आपल्या गोव्यातच, दोन तालुक्यांत, अशा ८१ कुटुंबांवर एक अभ्यास झाला होता. डॉ. अमित डायस आणि सांगात संस्थेच्या लोकांनी केलेला, २००८ साली प्रसिद्ध झालेला. त्यात प्रशिक्षण दिलेली साधी माणसं घरी जाऊन कुटुंबाला आजार समजावत, कसं वागायचं ते सांगत, ऐकून घेत. एवढ्याने सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचं दिसलं. मी ते दोनदा वाचलं. सांभाळणाऱ्याकडेही बघावं लागतं, असं कोणाला तरी आमच्याच मातीत वाटलं होतं, हे वाचून मी बऱ्याच दिवसांनी मोकळेपणी रडले.

गावातलीच एक बाई सकाळी नऊ ते एक ठेवली. माझी बहीण म्हणाली, "नवऱ्याचं करायला बाई ठेवलीस?" मी तिला म्हटलं, चार दिवस येऊन राहा. आंघोळ दुपारच्या उबेत हलवली. स्टुलावर बसवायचं, खांद्यावर टॉवेल, कोमट पाणी आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर, डोक्यावर अगदी शेवटी आणि तेही ओल्या फडक्याने. पुरुषमाणूस आहे, लाज शिल्लक असते. टॉवेल काढायचाच नाही, त्याच्या आतून पुसायचं. ओरडणं निम्म्याहून कमी झालं.

बँकेचं थोडक्यात सांगते. सही बदलत गेली आणि एका बँकेने लॉकर उघडायला नकार दिला, तो फक्त ह्यांच्या नावावर होता. फेऱ्या मारून मारून चप्पल झिजली. निदान झालं की, माणसाला समजतंय आणि सही येतेय तोवर, खाती दोघांच्या नावावर करून घ्या, दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल अशी. दुःख आवरून त्याच महिन्यात करा.

आणि एक गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. २०२३ च्या पावसाळ्यात हे दोन दिवसांत एकदम बदलले. रात्रभर जागे, हवेतून काहीतरी वेचत, मला शिव्या, चालताना तोल जाणारा. मला वाटलं, आजाराची पुढची पायरी आली. मुलगा पुण्याहून निघाला. डॉक्टरांनी लघवी तपासली, तर जंतुसंसर्ग! आठवडाभर अँटिबायोटिक दिल्यावर हे बरेचसे पूर्वीसारखे झाले. अल्झायमरमध्ये माणूस महिन्यामहिन्यांनी खालावतं. एका-दोन दिवसांत माणूस बदललं तर कारण बहुधा दुसरंच असतं: संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, एखादी नवी गोळी. वाट बघत बसू नका.

त्यानंतर तिकिटं मात्र संपली. पिशवी मांडीवर ठेवली तरी हात तिच्याकडे जाईनात. मराठी कमी झाली, मग कोंकणीही. आणि एका दुपारी हे काहीतरी पुटपुटायला लागले जे मला अजिबात कळेना. शेजारची आंटी तेव्हा दारात उभी होती, ऐंशीच्या पुढची. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "वयनी, हो पोर्तुगेज उलयता मगो!" गोवा मुक्त झाला, १९६१ साली, तेव्हा हे बारा वर्षांचे होते. तोवर म्हापशाच्या पोर्तुगीज शाळेत जात होते हे मला माहीत होतं, पण पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून त्या भाषेतलं एक वाक्य मी ऐकलं नव्हतं. माझ्या आधीचा, मी कधी न पाहिलेला मुलगा घरात आला होता. आंटी रोज येऊन अर्धा तास त्याच्याशी बोलते. काय बोलतात ते मला कळत नाही. पहिले काही दिवस मला तिचा हेवा वाटला, हेही लिहून ठेवते.

आता आठवं वर्ष. ह्यांना गिळायचं आठवत नाही. घास गालात धरून बसतात. पातळ पाणी ठसक्याने श्वासनळीत जाण्याची भीती, म्हणून उकड्या तांदळाची पेज घट्ट घोटून, ताठ बसवून, हनुवटी जराशी खाली घेऊन चमच्याने भरवते. "आ करा" म्हटलेलं पोचत नाही. पण आंटीने एकदा सहज पोर्तुगीज आकडे म्हणायला सुरुवात केली, उं, दोय्श, त्रेश, आणि प्रत्येक आकड्याला तोंड उघडलं. शाळेत म्हणून घेत असतील तसं.

मी तिच्याकडून आकडे शिकून घेतले. क्वात्रु, सिंकु, सैश. वहीत देवनागरीत लिहून स्वयंपाकघरात चिकटवलेत. माझे उच्चार चुकतात. सेतपाशी, म्हणजे सातपाशी, मी अडखळते तेव्हा हे चमच्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघतात आणि थांबतात. नीट म्हटलं की मगच घास घेतात. गेला आठवडाभर आम्ही देशच्या, म्हणजे दहाच्या, पुढे जात नव्हतो. काल आंटीकडून पुढचे दोन घेतले, ओंझ आणि दोझ. बारा चमचे पेज पोटात गेली.